पहिल्याच फेरीत बाद

देशातल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल चषकात मी आमच्या पाणीपुरवठा खात्याचा संघ उतरवला, तो केवळ लवकरात लवकर हरता यावं म्हणून. हे वाक्य मी आजवर साहेबांना, एका वार्ताहराला आणि आमच्या इमारतीतल्या जिन्यावर भेटेल त्याला सांगून पाहिलं. कुणीही विश्वास ठेवला नाही. तुम्हीही ठेवू नका, पण निदान ऐकून तरी घ्या.

मी खात्याच्या तक्रार विभागात हेडक्लार्क आहे. पाणी आलं नाही, आलं पण गढूळ आलं, आलं पण आम्ही झोपलो होतो, अशा सगळ्या तक्रारी माझ्या टेबलावर येतात. खेळांबद्दल माझं ज्ञान बेताचंच. फुटबॉलमध्ये चेंडूला हात लावायची मुभा एकाच माणसाला असते आणि बाकीचे त्याच्यासाठी धावतात, एवढं मला ठाऊक होतं. आमच्या कार्यालयाचा कारभारही साधारण तसाच चालतो, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नव्हतं.

झालं असं, की साहेबांच्या डॉक्टरांनी साहेबांना रोज चालायला सांगितलं. साहेबांनी तो आदेश खाली पाठवला. सरकारी आदेश खाली येताना वाढत जातो. माझ्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर चालण्याचं धावणं झालं होतं आणि धावण्याचा फुटबॉल. साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"या मोसमात आपला संघ कुठल्या तरी स्पर्धेत दिसला पाहिजे. तुम्ही मॅनेजर."

"साहेब, मी?"

"तक्रार विभागात तुमच्याइतकं शांत बसून कोण ऐकून घेतं? मॅनेजरला दुसरं काय करायचं असतं?"

आता याच मोसमात माझी मुलगी बाळंत होणार होती. ती राहते परगावी. पहिलंच बाळंतपण, त्यात डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही असं बजावलेलं. तेव्हा ती आमच्याकडे न येता आम्हीच तिच्याकडे जायचं ठरलं होतं. "आई असली की मला धीर येतो बाबा, पण तुम्ही असलात की हसू येतं. दोघंही या," असं ती फोनवर म्हणाली होती, आणि मी शब्द दिला होता. रजाही मंजूर होऊन बसली होती. त्या रजेच्या आड काहीही येऊ द्यायचं नाही, हा माझा एकमेव डाव. बाकी पुढे वर्तमानपत्रांत माझे म्हणून जे डाव छापून आले, त्यांच्याशी माझा संबंध नाही.

मी चौकशी केली. शहरातली स्पर्धा साखळी पद्धतीची, म्हणजे प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं आणि मोसमभर खेळतच राहायचं. राष्ट्रीय चषक मात्र बाद पद्धतीचा, आणि त्यात कुठल्याही नोंदणी झालेल्या संघाला भाग घेता येत होता. मी फुटबॉल संघटनेच्या सचिवांना फोन लावला.

"एक सामना हरलो की?"

"बाद."

"म्हणजे घरी?"

"घरी."

"परत बोलावत नाहीत ना?"

"हरलेल्याला कोण बोलावतंय?" सचिव जरा चिडलेच.

मी फोन ठेवला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहा मागवला. संघ स्पर्धेत दिसणार, साहेबांचा शब्द राहणार, एका दुपारी सगळं आटोपणार आणि मी मुलीकडे जायला मोकळा. एवढा सरळ विचार मी नोकरीत प्रथमच केला असेन, आणि त्याचंच हे फळ.

संघ जमवला. गोली म्हणून आमचा व्हॉल्व्हमन घेतला, कारण त्याचे हात मोठे होते. पुढे खेळायला एक मीटर रीडर, ज्याला शहरातली सगळी कुत्री ओळखतात. मधे पाइप फिटर, स्टोअरकीपर आणि कुणीकुणी. जर्सी निळ्या शिवून घेतल्या. त्यांच्या पाठीवर आकडा आणि आकड्याखाली साहेबांच्या आग्रहावरून "पाणी जपून वापरा" असं लिहिलं. ते ध्यान मैदानावर उभं राहिलेलं पाहिलं आणि मी निश्चिंत झालो. हा संघ जगात कुणालाही हरवू शकणार नव्हता.

पहिल्या फेरीत समोर एका वस्तीचा नावाजलेला क्लब होता. आम्ही मैदानात उभे, पंच उभे, आणि समोरचा संघ नाही. बघता बघता वेळ टळली. शेवटी त्यांचा एक पोरगेला खेळाडू सायकलवरून आला, केस ओले, आणि पंचांना म्हणाला, "साहेब, आमच्याकडे पाणी आलंय! सगळे भरायला थांबलेत. आई कुणाला सोडत नाहीये."

मी व्हॉल्व्हमनकडे पाहिलं. तो बुटाच्या नाड्या बघायला लागला.

"अरे, त्यांचं पाणी तर संध्याकाळी असतं!"

"संध्याकाळी मी इथे असणार ना, भाऊसाहेब. मग उघडणार कोण? म्हणून येता येताच उघडून आलो."

पंचांनी शिट्टी मारली आणि आम्हाला पुढे चाल दिली. न खेळता जिंकलो! मला घाम फुटला. इकडे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते. शहरात बोभाटा झाला, की पाणीपुरवठा खात्यानं विरोधी संघाला पाण्यात अडकवलं. हा डाव म्हणे माझा. तक्रार अर्थात माझ्याच विभागात आली आणि ती मलाच नोंदवून घ्यावी लागली.

"एक सामना म्हणाला होतात," ही म्हणाली. ही म्हणजे माझी पत्नी.

"न खेळलेला सामना धरत नाहीत," मी म्हणालो. "पुढच्या वेळी नक्की हरतो."

दुसऱ्या फेरीतला संघ खराखुरा होता. सरावाचे कपडे निराळे, सामन्याचे निराळे. त्यांचा मसाज करणारासुद्धा आमच्या कुठल्याही खेळाडूपेक्षा तंदुरुस्त होता. मला फार बरं वाटलं. पूर्वार्धात त्यांनी इतक्या वेळा गोलवर मारा केला की मोजणाऱ्यानं मोजणं सोडून दिलं. पण चेंडू एकदा खांबाला लागायचा, एकदा आडव्या दांडीला, आणि उरलेल्या वेळी आमच्या स्टोअरकीपरच्या पोटाला. स्टोअरकीपर हलत नव्हता. त्याच्या स्टोअरमधूनसुद्धा काही सहजासहजी हलत नाही.

आणि मग, सामना संपत आला असताना, प्रेक्षकांत बसलेल्या कुणाच्या तरी कुत्र्यानं भुंकायला सुरुवात केली. एवढंच झालं. आमचा मीटर रीडर, जो तोवर मैदानात उभ्यानं डुलक्या घेत होता, तो एकदम असा सुटला की बघणाऱ्यांचे डोळे विस्फारले. चेंडू त्याच्या पायात होता हे त्याला नंतर सांगावं लागलं. तो चौघांना चुकवून, गोलीला चुकवून, जाळ्यात शिरला आणि जाळ्यावर चढायला लागला. चेंडू आत, मीटर रीडर वर. पंचांची शिट्टी झाली. एक शून्य.

मी बाकावर मट्कन बसलो. शेजारच्यानं पाठीवर थाप मारून विचारलं, "इतका वेळ त्याला झोपवून ठेवायची आयडिया तुमची का?"

आता मात्र हे हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात. त्यांना न विचारता सल्ला द्यायची सवय आहे. मी प्रथमच आपणहून विचारायला गेलो, तेव्हा ते इतके गांगरले की त्यांनी मला आतल्या चांगल्या खुर्चीवर बसवलं.

"हरायचं कसं?" मी विचारलं.

पोस्टमास्तरांनी डोळे मिटले. "हे बघा, जिंकणं काय, कुणालाही जमतं. हरायला नियोजन लागतं. गोलसमोर कोणी ठेवूच नका. सगळे पुढे पाठवा. मागे मैदान मोकळं. समोरचे येतील, आणि टपालपेटीत पत्र टाकावं तसा चेंडू टाकून जातील."

मला ते पटलं. तिसऱ्या फेरीआधी मी संघाला जमवून आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं मार्गदर्शन केलं. "सगळे पुढे जा. मागे कुणी थांबायचं नाही."

"मीपण?" व्हॉल्व्हमननं विचारलं.

"तू सगळ्यात आधी."

काय सांगू! समोरच्या संघानं असला प्रकार कधी पाहिला नव्हता. "पाणी जपून वापरा" लिहिलेली अकरा माणसं एकदम अंगावर येताना पाहून त्यांचा बचाव पार गोंधळला. कुणी कुणाला अडवायचं, तेच त्यांना कळेना. त्यांनी तीन गोल केले, हे मी मान्य करतो, रिकाम्या गोलमध्ये आरामात केले. पण आमचे चार झाले. चौथा व्हॉल्व्हमननं केला, आणि केल्यावर तो चेंडू हातात घेऊन परत आपल्या गोलकडे पळत गेला, जणू काही चोरून आणलाय.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझा फोटो. "निर्भय आक्रमणाचा नवा प्रयोग", आणि खाली माझ्या खंबीर नेतृत्वाबद्दल मजकूर. तो वाचताना मला दरदरून घाम आला होता. जिन्यात पोस्टमास्तर भेटले. ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या मते डाव त्यांचा आणि नाव माझं झालं होतं.

त्याच दिवशी साहेबांनी माझी रजा रद्द केली.

मी केबिनमध्ये गेलो तेव्हा साहेब चक्क खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांत ते माझ्यासाठी कधी उठले नव्हते. "अहो, उपांत्यपूर्व फेरी आहे!" ते म्हणाले. त्या शब्दात 'अंत्य' ऐकून मला क्षणभर उगाच आशा वाटली.

"साहेब, मुलीचं पहिलं बाळंतपण आहे. मी शब्द दिलाय."

"मला एक सांगा, बाळंतपणात आजोबांचं काम काय असतं?"

मी विचार करायला लागलो.

"बाहेर बाकावर बसायचं," साहेबच म्हणाले. "इथेही तुम्हाला बाकावरच बसायचंय. काय फरक पडतो?"

घरी जिना चढताना यावर एकामागून एक उत्तरं सुचत गेली, आणि ती सगळी मी दारावरच्या कडीला ऐकवली. आत ही बॅग भरत होती. बॅगेत एकाच माणसाचे कपडे होते.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं एवढं चांगलं खेळायला?" तिनं विचारलं.

"अगं, मी कुठे खेळतो?"

"मग तर आणखीच कठीण झालं." तिनं बॅगेची चेन ओढली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. जाताना ती एवढंच म्हणाली, "दूध गरम करताना गॅसपाशी उभे राहा. चेंडूचा विचार करू नका." मी स्टेशनवरून परतलो आणि मोकळ्या घरात बूट न काढता बसून राहिलो. वर्तमानपत्रात फोटो आलेला माणूस इतका एकटा असू शकतो, याचं मला आश्चर्य वाटत होतं.

उपांत्यपूर्व सामना मोठ्या स्टेडियमवर होता आणि समोर गतविजेते. गतविजेते म्हणजे ज्यांनी गेल्या वर्षीचा चषक जिंकला, ते. यांच्यापुढे आपण टिकणं शक्यच नाही, असं मी मुलीला फोनवर खात्रीनं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशीचं तिकीटही काढून ठेवलं होतं. सामना शून्य-शून्य संपला. मी सचिवांना गाठलं.

"आता?"

"आता काय, पुन्हा खेळायचं. पुढच्या आठवड्यात."

"पण तुम्ही म्हणाला होतात, हरलं की बाद, जिंकलं की पुढे!"

"बरोबरीचं तुम्ही विचारलं कुठे होतंत?"

मी तसाच खांबाला टेकून उभा राहिलो. हरणं ठाऊक होतं, जिंकण्याची नाइलाजानं सवय झाली होती. पण इतका वेळ धावून, घामाघूम होऊन, काहीच होत नाही आणि तेच पुन्हा करायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं म्हणजे कार्यालयात इतकी वर्षं काढल्यावर यायला हवं होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आवाज थकलेला होता. "बाबा, तुम्ही हरताय कधी?"

"प्रयत्न चालू आहेत गं," मी म्हणालो. "मनापासून चालू आहेत."

फेरसामन्याच्या दिवशी सकाळीच हिचा फोन आला, की तिला दवाखान्यात नेलंय. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, जरा अवघड दिसतंय, पण काळजी करू नका. काळजी करू नका असं ही ज्या आवाजात म्हणाली, तो ऐकून मी तडक स्टेडियम गाठलं. मी साहेबांना सांगायला गेलो, तर साहेब मंत्र्यांना स्टेडियम दाखवण्यात गुंतलेले. मी बाकावर जाऊन बसलो. फोन हातात. समोर काय चाललंय ते मला दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. मीटर रीडर धावत होता, व्हॉल्व्हमन उड्या मारत होता, सगळं स्टेडियम उभं राहत होतं आणि बसत होतं. आमच्यामागे लोक चक्क खात्याच्या नावानं ओरडत होते. पाणीपुरवठा खात्याचं नाव लोक एरवीही ओरडून घेतात, पण ते असं नव्हे. वेळ संपली. परत शून्य-शून्य. मग जादा वेळ. मी मनातल्या मनात काय म्हणत होतो ते सांगतो. मला जिंकायचं नव्हतं, हरायचंही नव्हतं. फक्त फोन वाजायला हवा होता.

तो वाजला तेव्हा जादा वेळही सरत आला होता. मी एक कान बोटानं बंद केला. मागे गदारोळ चालला होता.

"झाली! सुटका झाली!" ही ओरडत होती.

"काय?"

"अहो, सुटका झाली! मुलगी झाली! दोघी छान आहेत!"

मी काय केलं ते मला नीटसं आठवत नाही, पण हजारो लोकांना आठवतं. मी बाकावर चढलो. दोन्ही हात वर करून उड्या मारल्या आणि फुटक्या आवाजात ओरडलो, "सुटका झाली! सुटका झाली!" मग खाली उतरून शेजारी जो माणूस होता त्याला कडकडून मिठी मारली. तो गतविजेत्यांचा मॅनेजर निघाला. तोही उड्याच मारत होता, हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही.

डोळे उघडले तर मैदानात व्हॉल्व्हमन पालथा पडला होता, त्याच्या मागे जाळ्यात चेंडू होता, आणि आमचे सगळे जण तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होते. मी देवाशप्पथ सांगतो, तो गोल मी पाहिला नाही. पंचांनी तिथेच शेवटची शिट्टी मारली. आम्ही बाद झालो होतो.

साहेब खाली आले तेव्हा त्यांच्या मानेवरच्या शिरा दिसत होत्या. "कशातून सुटका, हेडक्लार्क? कशातून?"

"साहेब, मुलीची."

"मुलगी मैदानात होती?"

"दवाखान्यात, साहेब. मी आजोबा..."

"मंत्री शेजारी बसले होते! मला विचारतात, हा माणूस कुणाच्या बाजूचा आहे? मी काय सांगू?" साहेबांनी बोट माझ्यावर रोखलं. "सक्तीची रजा! उद्यापासून! चौकशी पूर्ण होईपर्यंत कार्यालयाचं तोंड बघायचं नाही!"

मी थक्क झालो. नोकरीत मला कधी साधी समजही मिळाली नव्हती. सगळ्या स्टेडियमदेखत एवढा अपमान! पण त्याच वेळी मनात दुसरीकडे हिशेब सुरू झाला. आमच्या खात्यातल्या चौकशा मी चांगल्या ओळखून आहे. नात रांगायला लागेपर्यंत ही काही संपत नाही.

"आभारी आहे, साहेब," मी म्हणून गेलो. साहेबांच्या कपाळावरची एक शीर आणखी वर आली.

कपडे बदलायच्या खोलीत मात्र माझी मान वर होईना. स्टोअरकीपर भिंतीकडे तोंड करून रडत होता. हरण्यासाठी मी ज्यांना गोळा केलं होतं, त्यांना मात्र जिंकायचं होतं, हे मला तेव्हा दिसलं. मी सगळं सांगून टाकलं. मुलगी, दिलेला शब्द, रजा, हिचा फोन.

मीटर रीडर उठला. मला वाटलं, आता हा मारतो.

"आधी सांगायचंत की हो, भाऊसाहेब," तो म्हणाला. "आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो असतो."

"पहिल्या सामन्यात आपण खेळलोच कुठे होतो?" व्हॉल्व्हमन म्हणाला आणि चिखलाच्या हातानंच त्यानं माझा हात धरला. "वजन किती आहे बाळाचं?"

ते विचारायचं राहूनच गेलं होतं. मग त्यांनीच माझ्या फोनवरून फोन लावला आणि अकरा जणांनी आळीपाळीनं हिच्याकडे चौकशा केल्या. बोलायचा मीच एकटा उरलो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा मुलगी उशीला टेकून बसली होती आणि नात तिच्या कुशीत झोपली होती. एवढंसं तोंड, मिटलेल्या मुठी. बाजूच्या टेबलावर सकाळचं वर्तमानपत्र होतं. मी ते हळूच उलटं करून ठेवायला गेलो.

"असू दे बाबा, मी पाहिलंय," मुलगी म्हणाली.

पानभर फोटो होता. बाकावर उभा मी, हात आभाळात, डोळे मिटलेले, तोंड उघडं, शर्ट बाहेर आलेला. खाली ठळक अक्षरांत, "स्वतःच्या संघाच्या पराभवावर नाचणारा मॅनेजर".

"फाडून टाक तो कागद," मी म्हणालो. "अब्रूचे धिंडवडे निघालेत."

तिनं वर्तमानपत्र माझ्या हातातून काढून घेतलं. "फ्रेम करून घेणार आहे. ही जन्माला आल्याचं कळलं तेव्हा आजोबांना काय झालं होतं, याचा फोटो आहे हा. असा फोटो कुणाकडे असतो?"